नेब्रास्का, आयोवा आणि एक सातबारा

डेन्व्हरहून शिकागोला गाडीने येऊ नये असं सगळेच सांगतात. विमान अडीच तासांत आणून सोडतं आणि मधलं जे काही आहे ते ढगांखाली राहतं. मधलं म्हणजे नेब्रास्का आणि आयोवा. आमच्या ऑफिसात 'नेब्रास्का' हा शब्द कंटाळ्याला समानार्थी म्हणून वापरतात. मीटिंग कशी झाली? नेब्रास्का. त्यामुळे जायचंच असेल तर इंटरस्टेट ८० धरायचा, क्रूझ कंट्रोल लावायचा, पॉडकास्ट लावायचे आणि हजार मैल सहन करायचे, ही रूढ पद्धत. २०२४च्या सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात डेन्व्हरच्या मित्राकडे जाताना आम्हीही तेच केलं.

येताना मात्र ही म्हणाली, "इंटरस्टेट नको. शेतातनं जाऊ."

आता, शेतातनं म्हणजे काय, तर जुने दुपदरी यूएस हायवे. तीन दिवस लागतील, मी म्हटलं. लागू देत, ती म्हणाली. मित्राच्या ओट्यावर हिने सकाळी सकाळी धपाटे लाटले, दह्याचा डबा आणि शेंगदाण्याची चटणी घेतली, आणि मित्राच्याच प्रिंटरवर बारा पानं छापून गाडीच्या खणात ठेवली. ती बारा पानं म्हणजे या प्रवासातला तिसरा प्रवासी. त्यांची ओळख करून देतो.

हिचं माहेर लातूर जिल्ह्यातलं, औसा तालुक्यातलं एक गाव. बारा एकर जमीन. सोयाबीन, तूर, पाणी असेल तर हरभरा. माझे सासरे गेले तेव्हा सातबाऱ्यावर चार नावं लागली: सासूबाई, हिचा दादा, थोरली ताई आणि ही. ताईंनी वर्षाच्या आत हक्कसोडपत्रावर सही केली, कुणी फारसं विचारलंही नाही. गावाकडे बहिणी सही करतात. भाऊबीजेला साडी मिळते, दिवाळीला माहेरपण मिळतं, आणि हे सगळं टिकावं म्हणून सही. तशी वाटणी मांडली तर हिच्या वाट्याला तीन एकर येतात. दादाला नवीन पाइपलाइन आणि ठिबकसाठी कर्ज काढायचंय, आणि बँकेला जितकी नावं तितक्या सह्या लागतात. एक नाव अमेरिकेत असणं म्हणजे बँकेच्या दृष्टीने मंगळावर असणं. म्हणून त्याने वकिलाकडून मसुदा करून घेतला आणि पाठवला. पितृपंधरवडा चालू होता. २ ऑक्टोबरला सर्वपित्री, ३ला घटस्थापना. "घट बसले की रजिस्ट्री करून टाकू," असं त्याचं म्हणणं.

दादा वाईट माणूस नाही, हे आधीच सांगतो, कारण अशा गोष्टींत भाऊ म्हटला की लोक लगेच सिनेमातला भाऊ डोळ्यांपुढे आणतात. हिच्या इंजिनिअरिंगची फी त्याने तूर विकून भरलीय. सासऱ्यांचं दोन वर्षांचं आजारपण त्याने आणि वहिनींनी काढलंय. आम्ही त्या काळात पैसे पाठवले आणि व्हिडिओ कॉल केले.

असो. तर पूर्व कोलोरॅडोतून यूएस ३४ धरला.

पहिले दोन तास काहीच नाही. मग मका. मग पुन्हा काही नाही. माझ्यासारख्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या माणसाला शेत म्हणजे हिरवं किंवा पिवळं, एवढंच दिसतं. हिला दिसतं ते वेगळंच असतं. "ही मका वाळायला सोडलीय." "इथे गेल्या आठवड्यात पाऊस झालाय, बघ." "या माणसाने उगाच घाई केली कापणीची." ताशी पासष्ट मैलांवरून. मी तिला एकदा म्हटलं, तू कोड रिव्ह्यूपण असाच करतेस.

विमानातून या भागात जे मोठे हिरवे गोल दिसतात ते खालून दिसत नाहीत, खालून दिसते ती चाकांवर उभी असलेली पाव मैल लांबीची लोखंडी नळी. मध्ये बोअर, आणि त्या बोअरभोवती घड्याळाच्या काट्यासारखी फिरत पाणी टाकणारी ही नळी. फ्रँक झायबॅक नावाच्या कोलोरॅडोतल्या शेतकऱ्याने शोधून काढलेली, पेटंट १९५२चं. शेत चौकोनी, पाणी गोल. गणित सोपंय: १६० एकरांच्या चौकोनात साधारण सव्वाशे एकरांचा गोल बसतो आणि चार कोपरे कोरडे राहतात. मी हे मोठ्याने करून दाखवलं. ही म्हणाली, "म्हणजे एका कोपऱ्यात साडेआठ एकर. आमचं शेत म्हणजे त्यांचे दीड कोपरे."

मग थोड्या वेळाने म्हणाली, "आणि पाणी येतं कुठून?"

पाणी ओगालाला नावाच्या भूजलसाठ्यातून येतं. साउथ डकोटापासून टेक्ससपर्यंत आठ राज्यांच्या पोटात पसरलेला हा साठा, आणि कित्येक ठिकाणी भरतो त्यापेक्षा कितीतरी वेगाने उपसला जातोय. हे लातूरच्या मुलीला समजावून सांगावं लागत नाही. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली तेव्हा आम्ही इथे टीव्हीसमोर बसून आपल्याच गावचं स्टेशन अमेरिकन बातम्यांत बघत होतो. ती त्या नळीकडे बराच वेळ मान वळवून बघत राहिली. "दादाला हेच हवंय," ती म्हणाली. "एवढं मोठं नाही. पण हेच."

तुम्ही या भागात कधी गाडी चालवली असेल तर एक गोष्ट लक्षात आली असेल: रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात, बरोबर एकेक मैलावर. हे आपोआप झालेलं नाही. १७८५च्या एका कायद्याने ठरलं, की जमीन आधी मोजायची आणि मग विकायची. सहा मैल गुणिले सहा मैलांची टाउनशिप, तिचे छत्तीस सेक्शन, एक सेक्शन ६४० एकरांचा, त्याचा चतकोर १६० एकर. डोंगर असो, नदी असो, कुणाचं गाव असो, वरून आलेख कागद ठेवून दिला. मला इंजिनिअर म्हणून याचं भयंकर कौतुक वाटतं. पण सगळ्यात मजा पुढेच आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे उत्तरेकडे जाताना रेखावृत्तं जवळ जवळ येतात आणि चौकोन बसेनासे होतात. मग दर काही मैलांवर एक दुरुस्तीची रेषा आखली गेली. तिथे सरळ जाणारा रस्ता अचानक डावीकडे वळतो, थोडं चालतो, पुन्हा उजवीकडे वळून उत्तरेला लागतो. कारण काही नाही, फक्त राउंडिंग एरर. दोनशे वर्षांपूर्वीचा पॅच, अजून प्रॉडक्शनमध्ये.

हिला या चौकोनांचं कौतुक वाटलं नाही. "बांध कुठाय?" तिने विचारलं. खरंच, बांध नव्हता. आमच्याकडे, म्हणजे हिच्याकडे, बांध हे एक पात्रच आहे. त्यावर बोरी असतात, बाभळी असतात, वाकडातिकडा असतो, आणि दर वर्षी नांगरताना शेजारी तो चार बोटं कोरतो. मग भांडण, मग तलाठी, मग मोजणी, मग कोर्ट. हिच्या आजोबांचा आणि चुलत आजोबांचा एका बांधावरून वीस वर्षं अबोला होता. लग्नकार्यात एकमेकांच्या पंगतीला वाढायचे, पण बोलायचे नाहीत.

रात्र झाली तेव्हा आम्ही यूएस १३६वर होतो. अंधारात लांबवर दिवे दिसायचे, गाव आलं असं वाटायचं, आणि जवळ गेल्यावर तो एकच हार्वेस्टर निघायचा. पन्नास मैलांत चार-पाच गाड्या समोरून आल्या असतील. प्रत्येक पिकअपवाल्याने स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलून नमस्कार केला. (शिकागोत बोट उचलतात तेव्हा एकच असतं.) रेड क्लाउड नावाच्या गावात मोटेलात झोपलो.

रेड क्लाउड हे विला कॅथर या लेखिकेचं गाव. १८८३ साली, नऊ वर्षांची असताना, ती व्हर्जिनियाहून इकडे आली. हे मला माहीत नव्हतं, हिला होतं. गावाच्या दक्षिणेला, कॅन्सस सुरू व्हायच्या जरा आधी, तिच्या नावाने राखलेलं ६१२ एकर माळरान आहे, कधीच नांगर न लागलेलं. सकाळी तिथे गेलो. गुडघ्याच्या वर तांबूस गवत, वारा, आणि एकही खांब नाही. ही म्हणाली, अख्ख्या रस्त्यात हीच एक जागा अशी आहे की जिचा उतारा कुणी विचारणार नाही. आम्ही उरलेले धपाटे तिथे खाल्ले.

गाडीत बसल्यावर तिने कॅथरच्या १९१३ सालच्या 'ओ पायोनिअर्स!'चं ऑडिओबुक लावलं. गोष्ट नेब्रास्कातल्या एका स्वीडिश कुटुंबाची. बाप मरताना शेती मुलांच्या नाही, मुलीच्या हाती सोपवून जातो. दुष्काळ पडतो, शेजारी विकून निघून जातात, भावांनाही विकायचं असतं, पण ही अलेक्झांड्रा उलट कर्ज काढून आणखी जमीन घेते आणि सगळ्यांना वर काढते. पुढे वाटण्या होतात. आणि मग, ती चाळिशीची झाल्यावर, कुणाशी तरी लग्न करील अशी शंका येताच भाऊ येऊन सांगू लागतात की जमीन खरं तर घरातल्या पुरुषांचीच असते, कागदावर नाव कुणाचंही असो.

तो भाग आला तेव्हा हिने आवाज वाढवला नाही, कमीही केला नाही. मी गाडी चालवत होतो. मला मत विचारलं नव्हतं, आणि या विषयात न विचारता मत देण्याइतकी आमच्या लग्नाची वॉरंटी लांबलचक नाही.

दुपारी बिॲट्रिसला पोचलो. (स्पेलिंग बीट्रिसचं आहे, पण तसं म्हटलंत तर गावकरी दुरुस्त करतात.) इथे होमस्टेड नॅशनल हिस्टॉरिकल पार्क आहे. डॅनियल फ्रीमन नावाच्या माणसाने १ जानेवारी १८६३ रोजी, म्हणजे कायदा अमलात आला त्याच दिवशी, सरकारकडे ज्या १६० एकरांवर दावा लावला, ती ही जमीन. मध्यरात्र उलटताच त्याने लँड ऑफिस उघडायला लावलं अशी आख्यायिका आहे. कायदा लिंकनच्या सहीचा, १८६२चा. अट एवढीच: या, थोडी फी भरा, घर बांधा, पाच वर्षं राहून जमीन कसा, की ती तुमची. सुमारे सोळा लाख लोकांची जमीन अशी झाली, सगळी मिळून सत्तावीस कोटी एकर. देशाचा दहावा हिस्सा.

इमारतीचं छप्पर नांगराच्या फाळासारखं जमिनीतून वर आलेलं आहे. पण आम्ही अडकलो ते पार्किंगमध्ये. ते पार्किंग बरोबर एक एकराचं आहे, मुद्दाम, लोकांना एकर म्हणजे किती ते कळावं म्हणून. मी आयुष्यात प्रथम एक एकर नीट पाहिला. ही गाडीतून उतरली आणि कडेकडेने चालायला लागली. पूर्ण फेरी. मग परत येऊन म्हणाली, "तीनदा एवढं." मला आधी कळलंच नाही. मग खणातली बारा पानं आठवली.

आत बायकांबद्दल एक माहिती होती, तिथे ती बराच वेळ थांबली. या कायद्यात बायकांनाही दावा लावता येत असे. अविवाहित, विधवा, घटस्फोटित, कुणीही एकवीस वर्षांची किंवा घरची कर्ती. १८६२ साली! फक्त नवरा असलेल्या बाईला सहसा नाही.

"म्हणजे लग्न केलं की संपलं," ही म्हणाली. "ओळखीचं वाटतंय."

मी म्हटलं, आपल्याकडे आता तसं नाही. ते तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. महाराष्ट्राने १९९४ सालीच मुलींना, लग्न आधी झालेलं नसेल तर, वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. २००५च्या दुरुस्तीने तो देशभर झाला. ऑगस्ट २०२०मध्ये सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा खटल्यात सांगून टाकलं, की हा हक्क जन्मानेच मिळतो, २००५ साली वडील हयात होते की नव्हते याच्याशी संबंध नाही. कायदा चोख आहे. म्हणूनच तर हक्कसोडपत्र लागतं. हक्क नसता तर सोडायला काय होतं?

आणखी एक गोष्ट तिने तिथल्या लाकडी खोपटापुढे उभं राहून सांगितली. चौदा फूट बाय सोळा फूट, १८६७ सालचं, आत अख्खं कुटुंब राहायचं. ती म्हणाली, "मी सही केली तर मी शेतकरी राहत नाही, माहितीय ना?" महाराष्ट्रात जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन सहजासहजी विकत घेता येत नाही. वरून परदेशात राहणाऱ्या भारतीयाला शेतजमीन वारशाने मिळू शकते, पण खरेदी करता येत नाही. म्हणजे एक सही, आणि उद्या पैसे असले तरी परतीचं दार बंद. माझ्याकडे तर ते दार कधीच नव्हतं. माझा सातबारा म्हणजे कोथरूडच्या सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट.

आम्ही दोघंही इथे ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत. रांग किती लांब आहे ते तुम्हाला माहीतच असेल, नसेल तर सुखी आहात. होमस्टेडवाल्या परदेशी माणसाला मात्र नागरिक व्हायचा इरादा जाहीर केला की पुरे होतं. मी थोडा हळहळलो. मग लक्षात आलं, की तो इरादा जाहीर करायला आमच्यासारखे तेव्हा पात्रच नव्हते. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकन सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की भारतीय माणूस नागरिकत्वाच्या कायद्यातला 'गोरा' नव्हे. आणि मुळात ही फुकट वाटलेली जमीन कुणाच्या बापाची होती? इथे ओटो आणि मिझुरिया लोक राहायचे. १८५४च्या करारात त्यांच्या हातात बिग ब्लू नदीकाठचा एक पट्टा उरला, आणि १८८१पर्यंत तेही विकून त्यांना ओक्लाहोमात जावं लागलं. त्यांचंही हक्कसोडपत्रच म्हणायचं. फक्त साडी मिळाली नाही.

संध्याकाळी लिंकन, ओमाहा, मिझुरी नदी, आणि आयोवा. इथे आम्ही मुकाट्याने इंटरस्टेट धरला, कारण मंगळवारी ऑफिस होतं. डेमॉइनला मुक्काम.

सोमवारी सकाळी एका लहान गावात नाश्त्याला उतरलो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण आता जिच्याबद्दल लिहितोय ती बाई तिथे सगळ्यांना माहीत असणार. कॅफेच्या भिंतीवर अख्ख्या काउंटीचा नकाशा होता, आणि प्रत्येक चौकोनात मालकाचं नाव. सातबारा भिंतीवर टांगलेला! ही कॉफी विसरून नकाशा वाचत बसली. बरीच नावं ट्रस्टची, कंपन्यांची, आणि बरीच बायकांची. आयोवातल्या जवळपास निम्म्या शेतजमिनीच्या मालक बायका आहेत. त्यांतल्या पुष्कळ जणी वयस्क, आणि जमीन खंडाने दिलेली.

त्यातलीच एक शेजारच्या टेबलावर होती. ऐंशीच्या पुढची, नखांना रंग, कडक इस्त्री. तिने आपला चौकोन बोटाने दाखवला. नवऱ्याकडून आलेला, पुतण्या कसतो. हिने विचारलं, माहेरची जमीन?

"तीन भाऊ होते," बाई म्हणाल्या. "त्यांना जमीन दिली. मला पियानो."

पियानो अजून आहे का, हिने विचारलं. आहे, म्हणाल्या. त्यांना वाजवता येत नाही, कधीच येत नव्हता. वडिलांना वाटायचं की येतो.

भाव काय चाललाय तेही त्यांनीच सांगितलं. आयोवात सरासरी अकरा-साडेअकरा हजार डॉलर एकरी. हिने मनातल्या मनात रुपये केले आणि मला मराठीत म्हणाली, "आमच्याकडे रस्त्याला लागून असेल तर याहून जास्त सांगतात." उतारा मात्र उलटा: इथे सोयाबीन एकरी साधारण ६० बुशेल, म्हणजे सोळा क्विंटल. दादाला सात-आठ पडलं तर वर्ष चांगलं.

फोन तिने वॉलकॉटच्या ट्रकस्टॉपवरून केला. जगातला सगळ्यात मोठा ट्रकस्टॉप म्हणून पाटी आहे, १९६४पासून चालू, आत न्हावी आहे, दाताचा डॉक्टर आहे, सिनेमा आहे. आमचे दहा म्हणजे गावाकडचे रात्रीचे साडेआठ. गाडीतच, स्पीकरवर. मी उतरायला लागलो तर हाताने थांबवलं.

"काय करायलीस? कुठं हाईस?" दादा.

"आयोवात. सगळं सोयाबीनच आहे दादा इथं."

"तुमच्या शिकागोत काय म्हणायलंय?" हा त्याचा नेहमीचा प्रश्न. शिकागोच्या बाजारात सोयाबीन हललं की लातूरच्या अडतीत हलतं, आणि शिकागोत राहतो म्हणजे आम्ही त्याला थोडे जबाबदार आहोत असं दादा अर्धवट गमतीने मानतो.

"साडेदहा डॉलर बुशेल. क्विंटलचे सव्वातीन हजार पडतात."

"आन् आमचं साडेचारबी निघंना. हमीभाव चार हजार आठशे ब्याण्णव." मग थोडा थांबून, "कागद बघितलास?"

"बघितला. दादा, मी सही नाही करत."

पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला.

"बँकेला जे लागतं ते सगळं देते," ही घाईने बोलायला लागली. "कर्जापुरतं कुलमुखत्यारपत्र करून देते, वकिलातीचा शिक्का मारून पाठवते. तारण ठेव, पाइपलाइन कर, पीक तूच घे, मला एक दाणा नको. नाव तेवढं राहू दे."

"नाव ठिऊन काय करणार हाईस तिथं बसून?"

तिला उत्तर देता आलं नाही. मला वाटलं ती होमस्टेडचं, कायद्याचं, पियानोचं काहीतरी सांगेल. ती म्हणाली, "येळवशीला कोप घालतो ना आपण, त्या तुकड्यात..." आणि गप्प झाली.

(येळवस म्हणजे वेळा अमावस्या. लातूर, धाराशिव, सोलापूर या पट्ट्यातला सण. त्या दिवशी सगळं गाव शेतात असतं. कडब्याची कोप, आंबिल, भज्जी. गावात कुत्रं सापडत नाही.)

"वकिलाला पैशे दिलेत गं," दादा म्हणाला. "लोक काय म्हणतील, थोरलीनं दिलं आन् हिनं ठिवलं." राग नव्हता आवाजात, थकवा होता, आणि मला वाटतं ते ऐकणं जास्त अवघड गेलं तिला. मग त्याने फोन आईकडे दिला.

सासूबाईंनी सगळं ऐकलेलं होतं. त्या म्हणाल्या, "म्या काय बोलू? माझंबी नाव हाय की त्यावर. मला कुणी सोड म्हणलं न्हाई अजून." आणि मग जेवलात का, गाडी हळू चालवा, फोन बंद.

मिसिसिपी नदी त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांत येते. दर वेळी आम्ही पुलावर काहीतरी बोलतो, या वेळी नाही बोललो. इलिनॉयमध्ये शिरल्यावर डीकाल्ब लागतं. इथल्या जोसेफ ग्लिडनने १८७४ साली काटेरी तारेचं पेटंट घेतलं आणि त्या सगळ्या बिनबांधाच्या चौकोनांना एकदाची कुंपणं मिळाली. हे मी सांगितलं. "तार कोरता येत नाही," ती म्हणाली. बस, एवढंच. दुपारी नेपरव्हिलला घरी पोचलो, डबे धुतले, आणि दुसऱ्या दिवशी नऊला स्टँडअप मीटिंग.

कुलमुखत्यारपत्र ऑक्टोबरात गेलं. बँकेने आधी नाक मुरडलं, मग घेतलं. भाऊबीजेला दादाचा फोन आला, दोन मिनिटं, सोयाबीनचा भाव आणि आईचे गुडघे. वहिनी समोर आल्या नाहीत. ताईंनी मात्र वेगळा फोन करून तासभर हिच्याशी काय बोललं ते मला अजून सांगितलेलं नाही.

३० डिसेंबरला येळवस होती. आमच्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली, बाहेर बर्फ. दादाने व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल हातात धरून शेतभर फिरला. हरभरा, ज्वारी, नव्या पाइपलाइनचा उकरलेला चर, कोप, तिच्या पुढ्यात सासूबाई. वहिनींनी भज्जीचं पातेलं कॅमेऱ्यापुढे धरलं, काही न बोलता, आणि बाजूला झाल्या.

"दिसायलंय का नीट?" दादा विचारत होता. ही म्हणाली, जरा डावीकडे कर.